दीड हात साग

रिसॉर्टवाल्यानं सहा चित्रं पाठवली
पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून.
"दोनशे वर्षांची आहेत, जपून. फ्रेम सागाचीच पाहिजे."
परतवाड्यात सागाला तोटा नाही,
तोटा पावतीला आहे.

शटर अर्धं ओढून मी ती टेबलावर पसरली,
चार कोपऱ्यांवर काचेचे चार तुकडे.
तांब्यावर कोरून छापलेली.
बोट फिरवलं तर शाई अजून बोटाला लागते, उंचवट्यासारखी.
पाण्याला रेघा, ढगाला रेघा, पोटरीला रेघा,
उघड्या छातीवर सावलीची जाळी
इतकी बारीक
की कोरणाऱ्याचे डोळे गेले असतील.

एकात जहाज, शिडं फुगलेली.
एकात नारळीखाली गोंदलेल्या गालांचा
कुठल्याशा बेटावरचा माणूस, हातात भाला.
पाचव्यात सातपुडा.
म्हणजे खाली तसं छापलंय, पोरीनं वाचून सांगितलं.
मागचं झाड मेळघाटात मी तरी पाहिलेलं नाही.

खाली डावीकडे, ज्यानं काढलं त्याचं नाव.
उजवीकडे, ज्यानं कोरलं त्याचं नाव.
मधोमध, जरा मोठ्या अक्षरात:
डोंगरातला एक माणूस.

सुगाय कासदेकर माझ्याकडे पट्ट्या घासते,
घाटातून सकाळच्या एसटीनं येते, पॉलिशच्या वासानं शिंकते.
ती हात पुसत आली, वाकून पाहिलं,
मग बेटावरच्याला पाहिलं, मग पुन्हा याला.
"दोघायचा पाय एकच हाय, भाऊ."

बटर पेपर ठेवला. बेटावरचा पाय पेन्सिलीनं उतरवला,
कागद सरकवत सातपुड्यावर आणला.
मांडी मांडीवर बसली, टाच टाचेवर,
करंगळीसुद्धा.
समुद्रापार कुठल्या खोलीत, कंदिलाजवळ,
एकच पाय ठेवला असेल त्यानं
सगळ्या जगाला पुरवायला.

"अन् भेगा नाईत," सुगाय म्हणाली,
"हा मानूस चालतच नसंन."
पुन्हा घासायला बसली.

सहा फ्रेमा झाल्या. कोपरे पंचेचाळीसच्या कापात नेमके मिळाले,
चिमटी मावणार नाही अशी काच.
उरलेल्या फळीवर तिनं हात ठेवला, दीड हात भरेल एवढी.
"हे मले देता का? पगारातून कापा."
कशाला, विचारलं.
"मुंड्याले. बापाच्या. तीन साल झाले, सिडोली राहून गेली.
जंगलातून एक लाकूड उचललं तं गार्ड नाव लिहून नेते."

मी पगारातून कापलं नाही. हे सांगायचं नव्हतं, सांगून गेलो.

महिन्याभरानं चिखलदऱ्याला चित्रं पोचवली,
बारच्या भिंतीवर ठोकून दिली,
आणि परतताना तिच्या गावाला गाडी वळवली.
गावाबाहेर, झाडाखाली, जुने मुंडे उभे होते,
काही झुकलेले, काही वाळवीनं अर्धे.
आमच्या फळीपाशी माती अजून ओली.
वर सूर्य, शेजारी चंद्र,
खाली घोडा. म्हणजे चार रेघा आणि शेपूट.
घोड्यावर एक काटकी, तिला डोकं म्हणून एक खाच.
नाक नाही, डोळे नाहीत.
पटाशी दोनदा घसरलेली दिसत होती.

कोरणारा म्हातारा, बाटू मावस्कर, बिडी शोधत होता.
त्याचं नाव फळीवर कुठंच नव्हतं,
बापाचंही नव्हतं.

"तुझा बाप घोड्यावर बसायचा?"
"कायचा घोडा! सायकल होती. तेबी लोकायची."

मी गुडघ्यावर बसून आणखी जवळून पाहिलं,
काचवाल्याची सवय, डाग शोधायची.
"मग हा तोच, हे कसं कळतं?"

सुगायनं माझ्याकडे पाहिलं,
चष्म्याकडे पाहिलं,
मग पदरानं फळीवरचा भुसा झटकला.
"दिसत नाई का तुमाले?"

मागून एक पोरगं धावत आलं, चारेक वर्षांचं, नाक वाहणारं.
घोड्याच्या शेपटीवर बोट ठेवून
कोरकूत काहीतरी बोललं आणि पळालं.
सगळे हसले.
काय म्हणाला, ते मी विचारलं नाही.